जुन्या पटावरचा नवा डाव

मनुष्य आपलें राज्य बदलतो, वेष बदलतो, प्रसंगीं भाषाहि बदलतो. परंतु आपले खेळ तो सहसा टाकीत नाहीं. जुन्या देवळांच्या व वाड्यांच्या फरशीवर कोरलेले पट आपण पाहतों, तेव्हां ते कोरणाऱ्यांचीं नांवें कोणासहि सांगतां येत नाहींत. पण त्यांवर काय खेळत असत, हें लहान पोरालाहि कळतें. कवड्या गेल्या आणि फांसे आले, कापडी पट गेले आणि पुठ्ठ्याचे आले; खेळ मात्र एका घरांतून दुसऱ्या घरांत बिऱ्हाड हलवावें तसा चालत राहिला. आपल्या काळांत त्यानें पुन्हां एकदां घर बदललें आहे. हें नवें घर तळहाताएवढें आहे, कांचेचें आहे, आणि त्यांत एकट्या सोंगट्याच नव्हेत, तर मेले म्हणून आपण समजलेले कितीएक व्हिडिओ गेमहि सुखानें नांदत आहेत. त्यांच्या या पुनर्जन्माचा इतिहास लिहून ठेवण्याजोगा आहे, असें आम्हांस वाटतें. कारण तो केवळ पोरखेळाचा इतिहास नव्हे, आपल्या फुरसतीचाहि आहे.

रावेर हें तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याकडील तालुक्याचें गांव. भुसावळाहून खंडव्याकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो, आणि भोंवतालचें वैभव म्हणजे केळीच्या बागा. जेथील माल शेंकडों कोस दूर उत्तर भारतांत जावयाचा, तेथील माणसाच्या आयुष्यांत वाट पाहण्याचा वांटा मोठा असतो. घड कापून बांधाशीं ठेवले कीं ट्रकाची वाट पाहावयाची, पंपाची वीज रात्रीं यावयाची असली कीं तिची वाट पाहावयाची, परगांवीं निघालें कीं गाडीची वाट पाहावयाची. पूर्वीं अशा वेळीं कोणी कोळशानें जमिनीवर पट आंखी. आज खिशांतून मोबाइल निघतो. गेल्या उन्हाळ्यांत रावेर स्थानकाच्या एका बांकावर आम्हीं एक आजोबा व त्यांचा दहाबारा वर्षांचा नातू पाहिला. दोघांच्या मध्यें मोबाइल आडवा ठेविला होता आणि त्यावर लुडोचा डाव रंगला होता. फांसा टाकावयाचा तो कांचेला नुसता बोटाचा स्पर्श करून. परंतु आजोबा प्रत्येक वेळीं आधीं मूठ हालवीत, जणूं कवड्या अजून मुठींतच होत्या. गाडीस उशीर होता. डाव संपल्यावर नातवानें फोन आपल्याकडे घेतला आणि तो सापाचा खेळ खेळूं लागला: साप दाणे खात जातो, लांब होत जातो, आणि स्वतःच्याच शेपटीवर आपटला कीं मरतो. आजोबांचा खेळ अकबराच्या काळींहि जुना होता. नातवाचा खेळ त्याच्या बापाच्याहि जन्मापूर्वींचा. एकाच कांचेवर दोन म्हातारे खेळ, आणि त्यांस खेळविणारें यंत्र मात्र अगदीं नवें! हें कसें घडलें?

सुचणारें पहिलें उत्तर असें कीं, माणसास गेलेल्या काळाची हुरहूर असते, आणि लहानपणीं खेळलेले खेळ मोठेपणीं पुन्हां भेटावे असें त्यास वाटतें. या उत्तरांत तथ्य आहे, पण तें अर्धेंच आहे. ज्या नातवानें नाणें टाकून खेळावयाचें यंत्र कधीं पाहिलें नाहीं, त्यास त्याची आठवण कोठून येणार? हुरहुरीनें फार तर जुना माल एकदां विकतां येतो; तो कोट्यवधि मुलांच्या हातीं टिकवितां येत नाहीं. आमच्या मतें खरें कारण निराळें आहे. हे खेळ जन्मले ते दारिद्र्यांत जन्मले. आणि मोबाइल आपल्या हातीं आला, तोहि प्रथम दरिद्रीच आला. सारख्या परिस्थितीनें सारखे खेळ पुन्हां जिवंत केले. हें विधान पटण्याकरितां थोडें मागें गेलें पाहिजे.

व्हिडिओ गेमच्या धंद्याचा खरा आरंभ १९७२ सालापासून धरण्यास हरकत नाहीं. त्या वर्षीं अमेरिकेंत अटारी या कंपनीनें ‘पाँग’ नांवाचें यंत्र आणिलें. काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या फळ्या आणि त्यांच्यामध्यें इकडून तिकडे जाणारा एक ठिपका, एवढाच त्याचा संसार. १९७६ सालीं ग्रेम्लिन कंपनीनें ‘ब्लॉकेड’ काढलें. त्यांत खेळणाऱ्याच्या मागें एक भिंत वाढत जाई, आणि त्या भिंतीवर डोकें आपटलें कीं डाव संपे. पुढें याच भिंतीचा साप झाला. १९७८ सालीं जपानांत तोमोहिरो निशिकादो यांनीं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचिला. वरून रांगेनें उतरणारे शत्रु आणि खालीं एकटी तोफ. १९८० सालीं तोरु इवातानी यांचा ‘पॅक-मॅन’ आला; चक्रव्यूहांत ठिपके खात पळावयाचें आणि चार भुतांस चुकवावयाचें. १९८४ सालीं मॉस्कोंत अलेक्सेय पाजित्नोव यांनीं वरून पडणाऱ्या विटा रचण्याचा ‘टेट्रिस’ सिद्ध केला. आणि १९८५ सालीं निंटेंडो कंपनीच्या शिगेरु मियामोतो यांनीं धांवत, उड्या मारीत राजकन्येस सोडविणारा मारिओ जगापुढें उभा केला. सापाचें, तोफेचें, चक्रव्यूहाचें, विटांचें आणि धांवण्याचें अशीं हीं पांच कुळें म्हणावीं. पुढील खेळांचा फार मोठा वंशविस्तार याच पांच कुळांतून झाला.

या कुळांच्या जन्मकाळची स्थिति ध्यानांत घेण्यासारखी आहे. अटारीनें १९७७ सालीं घरगुती वापरासाठीं जें यंत्र विकावयास काढलें, त्याची कामाची स्मरणशक्ति अवघी १२८ बाइट होती. म्हणजे इंग्रजीचीं १२८ अक्षरें मावतील एवढीच. पाजित्नोव यांच्या यंत्रावर चित्र काढण्याची सोयच नव्हती. म्हणून त्यांनीं विटा कंसांच्या चिन्हांनीं दाखविल्या. निशिकादो यांची गोष्ट तर फारच बोधप्रद आहे. त्यांच्या यंत्राचा मेंदू इतका मंद होता कीं, पडद्यावर शत्रूंची गर्दी असली म्हणजे तीं चित्रें हालवितांना तो थके. शत्रु मारले जाऊन कमी झाले कीं उरलेले आपोआप वेगानें धांवूं लागत. हा दोष काढून टाकतां आला असता. निशिकादो यांनीं तो तसाच ठेविला, आणि शेवटीं शेवटीं अंगावर धांवून येणाऱ्या शत्रूंमुळें खेळास जो रंग चढे, तो या दोषाचाच प्रसाद होता. कथा सांगण्यास जागा नाहीं, चित्र रंगविण्यास साधन नाहीं, अशा स्थितींत रचनाकाराजवळ एकच भांडवल उरतें, तें म्हणजे चोख नियम. आपल्या आट्यापाट्यांस जमिनीवर आंखलेल्या रेघांपलीकडे काय लागतें? पण त्या रेघांच्या आंत जो थरार आहे, तो नियमाचा आहे. या यंत्रखेळांचेंहि तसेंच होतें. ज्याचा नियम एका वाक्यांत सांगतां येई, तोच खेळ जगला.

आपल्याकडे हे खेळ थोडे उशिरां आणि निरनिराळ्या वाटांनीं आले. मोठ्या शहरांत नाण्यांवर चालणारीं यंत्रें होतीं. घरोघरीं दूरदर्शन संच आल्यावर त्यास जोडावयाचीं खेळयंत्रें आलीं. त्यांच्या पिवळ्या-करड्या पेट्यांस मुलें ‘कॅसेट’ म्हणत, आणि ‘मारिओ’ किंवा ‘काँट्रा’ यांची कॅसेट ज्याच्या घरीं असे, त्याच्या घरीं सुटीच्या दिवशीं आळींतलीं सारीं पोरें जमत. ज्या शाळांत संगणक आले, तेथें तासानंतर ‘डेव्ह’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ यांनीं ठाण मांडिलें. यात्रेंतल्या खेळण्यांच्या दुकानांत विटांचा खेळ खेळावयाचें छोटें हातयंत्र मिळूं लागलें. परंतु हें सारें आपल्या हातीं पडेपर्यंत तिकडे काळ पुढें गेला होता. १९९० नंतर यंत्रें सबळ झालीं. चित्रास लांबी-रुंदीबरोबर खोलीहि आली. एकेक खेळ चित्रपटासारखा लांबलचक आणि खर्चिक होऊं लागला. सपाट पडद्यावरचीं तीं पांच कुळें आतां अडगळींत गेलीं, असें जाणते म्हणूं लागले. खानदेशांत त्यास आणखी एक कारण मिळालें. या शतकाच्या पहिल्या दशकांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागांत भारनियमन इतकें कडक झालें कीं, दूरदर्शन संचास जोडलेलें यंत्र असून नसल्यासारखें झालें. दिवसाचे कितीएक तास वीज नसे. आणि वीज असे तेव्हां ती अगोदर पाण्याच्या मोटारीस लागे.

अशा वेळीं मोबाइल आला. भारतांतील पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्यें झाला. पण बोलण्याचा खर्च पाहतां तें यंत्र पुष्कळ दिवस श्रीमंतांच्याच हातीं राहिलें. तिकडे युरोपांत मात्र त्यावर खेळ बसविण्याचे प्रयत्न सुरू झाले होते. १९९४ सालीं हागेनुक कंपनीच्या एका फोनवर ‘टेट्रिस’ आला. आणि १९९७ सालीं फिनलंडच्या नोकिया कंपनीनें ६११० क्रमांकाचा फोन काढला, त्यांत तानेली आर्मांतो यांनीं सापाचा खेळ घातला. या फोनचा पडदा आडवा ८४ आणि उभा ४८ ठिपक्यांचा. म्हणजे सारे मिळून ४,०३२ ठिपके. त्यास रंग नाहीं, खेळण्यास वेगळी मूठ नाहीं, केवळ आंकड्यांचीं बटणें. मारिओनंतरच्या बारा वर्षांत जगानें मिळविलेलें सारें वैभव या पडद्यावर निरुपयोगी होतें. येथें पुन्हां १९७६ साल उजाडलें होतें! आणि म्हणून १९७६ चाच खेळ येथें फुलला. चार बटणांनीं चार दिशा, एक रेघ आणि एक दाणा. एवढ्यावर साऱ्या जगानें अंगठे झिजविले.

हें तत्त्व जपानांत गुनपेई योकोई यांनीं आधींच ओळखलें होतें. १९८९ सालीं त्यांच्या देखरेखीखालीं निंटेंडोनें ‘गेम बॉय’ हें हातांत मावणारें यंत्र काढलें. प्रतिस्पर्धी रंगीत पडदे लावीत असतां योकोई यांनीं जाणूनबुजून करडा-हिरवा, स्वस्त पडदा निवडला. कारण त्यास वीज कमी लागे आणि घटमाला पुष्कळ तास पुरे. जुनें झालेलें, परिचित आणि स्वस्त तंत्र घ्यावें आणि त्याचा कोणास न सुचलेला उपयोग करावा, असा त्यांचा सिद्धांत होता. त्या यंत्राबरोबर अमेरिकेंत व युरोपांत जो खेळ दिला गेला, तो ‘टेट्रिस’च होय. जुन्या कुळांचा अंत झाला नव्हता. तीं आपल्याजोगें लहान घर शोधीत होतीं.

तें घर आपल्या खेड्यापाड्यांत २००३ नंतर आलें. त्या वर्षीं येणाऱ्या संभाषणाचे पैसे पडेनासे झाले, आणि त्याच वर्षीं नोकियाचा ११०० क्रमांकाचा फोन निघाला. धूळ न शिरेल अशीं बटणें, माथ्यावर विजेरी, आणि दिवसेंदिवस टिकणारी बॅटरी. जगांत या फोनच्या २५ कोटींहून अधिक प्रती खपल्या. रात्रीं बागेला पाणी धरण्यास जाणाऱ्या शेतकऱ्यास ही विजेरी किती कामास येई, हें सांगावयास नकोच. पण बारी येईपर्यंत बांधावर बसून त्याच फोनवर साप लांब करतां येई, किंवा ‘स्पेस इम्पॅक्ट’मध्यें शत्रूंचीं विमानें पाडतां येत. हीं विमानें म्हणजे निशिकादो यांच्या तोफखान्याचींच नातवंडें. नोकियाच्या ३३१० या फोनमध्यें तर ‘बांटुमी’ नांवाचा एक खेळ होता. तो आफ्रिकेंतल्या खळग्यांत बिया टाकून खेळावयाच्या प्राचीन खेळाचा अवतार होता, आणि त्याचीच बहीण तमिळ देशांत पल्लांगुळी म्हणून नांदते. म्हणजे यंत्रखेळांच्याहि मागें जाऊन हजार वर्षांचे मातीचे खेळ फोनमध्यें शिरूं लागले होते. घरांत वीज नसली तरी खिशांतला हा खेळ चाले. भारनियमनानें जें मारलें, तें बॅटरीनें तारलें. याच सुमारास मुंबईंत विशाल गोंडल यांनीं १९९९ सालीं सुरू केलेल्या ‘इंडियागेम्स’सारख्या कंपन्या क्रिकेटचे व चित्रपटांवरचे खेळ त्या इवल्या पडद्यांकरितां रचूं लागल्या, आणि खेळ करणें हा आपल्याकडेहि एक व्यवसाय झाला.

२००७ सालीं ॲपल कंपनीचा आयफोन आला, आणि पुढच्याच वर्षीं फोनवर खेळ विकत अथवा फुकट उतरवून घेण्याचीं दुकानें उघडलीं. आतां पडदा मोठा झाला, रंगीत झाला, यंत्र सबळ झालें. तेव्हां जुन्या कुळांचें काम संपलें असें वाटावें. पण येथें दारिद्र्य दुसऱ्या रूपानें उभें राहिलें. बटणेंच गेलीं! गुळगुळीत कांचेवर अंगठ्यास दिशा कळेना. तेव्हां रचनाकारांनीं युक्ति काढली कीं, गड्यानें आपोआप धांवावें आणि खेळणाऱ्यानें फक्त उडी केव्हां मारावयाची एवढें ठरवावें. २००९ सालीं ॲडम साल्ट्समन यांनीं ‘कॅनाबाल्ट’ हा एका बोटानें खेळावयाचा धांवण्याचा खेळ काढला. २०११ सालीं ‘टेंपल रन’, २०१२ सालीं डेन्मार्कांतून ‘सबवे सर्फर्स’. हा शेवटचा खेळ २०१८ च्या मार्चांत गुगलच्या दुकानांतून १०० कोटी वेळां उतरवून घेतलेला पहिला खेळ ठरला. हें सारें मारिओच्याच कुळाचें कर्तृत्व. आणि नवल असें कीं, २०१६ च्या डिसेंबरांत खुद्द मारिओ फोनवर आला तेव्हां तोहि आपल्या या नातवंडांचें अनुकरण करून आपोआप धांवूं लागला. आजोबांनीं नातवाकडून चालणें शिकावें, असा हा प्रसंग होता.

आतां आपल्या बांकावरच्या आजोबांकडे वळूं. सारीपाट, चौपट, पच्चीशी हीं एकाच घराण्याचीं नांवें. अबुल फजलानें ‘ऐन-इ-अकबरी’ त चौपटाचें वर्णन सविस्तर दिलें आहे. त्याच अकबरानें १६०१ च्या जानेवारींत रावेरपासून फार दूर नसलेला अशीरगड घेतला आणि खानदेश आपल्या राज्यांत सामील केला. तेव्हां या मुलुखांत बादशहाची सत्ता आणि बादशहाचा आवडता खेळ दोन्हीहि नांदत होतीं. सत्ता गेली, खेळ राहिला. इंग्रजांनीं हा पट आपल्या देशीं नेला, कवड्यांऐवजीं एक चौकोनी फांसा केला, चार रंगांचीं चार घरें आंखलीं, आणि १८९६ सालीं ‘लुडो’ या नांवानें त्याचें पेटंट घेतलें. ज्ञानेश्वरांच्या नांवाशीं परंपरेनें जोडलेल्या मोक्षपटाचीहि हीच कथा. सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप घेऊन तो विलायतेस गेला, आणि पुण्यपाप गाळून नुसता सापशिडी होऊन परत आला. पुठ्ठ्याच्या एका बाजूस लुडो आणि दुसऱ्या बाजूस सापशिडी, असा जो पट आपण दुकानांतून आणीत असूं, तो आपलाच माल होता. फक्त आपल्याला त्याची ओळख राहिली नव्हती.

२०१६ सालीं नवी मुंबईंतील गेमशन या कंपनीनें, विकास जयस्वाल यांच्या नेतृत्वाखालीं, ‘लुडो किंग’ हा मोबाइलवरचा खेळ प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झालें होतें. पुढें २५ मार्च २०२० पासून साऱ्या देशास घरांत बसावें लागलें. त्या दिवसांत दूरदर्शननें जुनें ‘रामायण’ पुन्हां दाखविलें, आणि घरोघरीं जुना सारीपाट पुन्हां मांडला गेला. फरक एवढाच कीं, त्याच्या चार घरांपैकीं एक घर रावेरास, एक पुण्यास, एक सुरतेस आणि एक परदेशीं असूं शके. ‘लुडो किंग’ उतरवून घेणाऱ्यांची संख्या पुढें ५० कोटींच्या पलीकडे गेली. सासरीं अडकलेल्या लेकीनें आईची सोंगटी मारावी आणि दोघींनीं दोन गांवांत बसून हंसावें, हें ज्यांनीं त्या उदास दिवसांत पाहिलें, ते मोबाइलच्या खेळांस सरसकट नांवें ठेवणार नाहींत. आम्हीहि ठेवीत नाहीं.

परंतु इतिहास सांगावयाचा तर जें परत आलें त्याबरोबर जें परत आलें नाहीं, तेंहि सांगितलें पाहिजे. जुन्या यंत्रखेळांस एक शेवट असे. नाणें टाकलें कीं तीन जीव मिळत; ते गेले कीं डाव संपला. ही मर्यादा कांहीं कोणाच्या पुण्याईची नव्हती. डाव लवकर संपावा आणि दुसरें नाणें पडावें, हाच यंत्राच्या मालकाचा हिशेब होता. तरी त्या हिशेबांत मुलाच्या खिशांतलीं नाणीं संपलीं कीं तें घरीं जाई. फोनवर खेळ आला तेव्हां आरंभीं एक विलक्षण संधिकाल होता. नोकियाच्या सापास नाणें नको होतें आणि जाहिरातहि नको होती. तो फोनबरोबर येई. तुम्ही पांच मिनिटें खेळलां काय आणि पन्नास मिनिटें खेळलां काय, त्यांत कोणास एक दमडीचाहि नफा नव्हता. घरच्या सारीपाटाप्रमाणें तो खेळ सर्वस्वीं खेळणाऱ्याचा होता. सुमारें दहा वर्षांचा हा काळ आमच्या मतें या साऱ्या इतिहासांतील सुवर्णकाळ होय, आणि तो असा होता हें तो गेल्यावर कळलें.

कारण पुढें खेळ फुकट झाले, आणि फुकट झाले म्हणूनच महाग पडूं लागले. बहुतेक फुकट खेळांचें उत्पन्न जाहिरातींवर आणि मधून मधून होणाऱ्या लहान लहान विक्रीवर चालतें. जुन्या मालकास डाव लवकर संपावयास हवा होता. नव्या मालकास तो कधींच संपावयास नको आहे. २०१२ च्या ‘कँडी क्रश’मध्यें पांच जीव मिळतात, ते संपले तर एकेक जीव भरण्यास अर्धा तास लागतो, किंवा तो पैसे देऊन तत्काल घेतां येतो. जुना जीव गेला तर गेला. नवा जीव विकाऊ आहे. खेळाची रचना तीच, नियम तोच. पण त्याच्या शेवटाचा मालक बदलला आहे. हा भेद ओळखणारा एक रचनाकार व्हिएतनामांत निघाला. डाँग न्गुयेन यांचा ‘फ्लॅपी बर्ड’ २०१४ च्या आरंभीं जगभर गाजत होता. अगदीं जुन्या पद्धतीचा, एका बोटाचा, चिमुकल्या पाखराचा हा खेळ. लोकांस त्याचें व्यसन लागतें आहे, असें म्हणून त्यांनीं फेब्रुवारी २०१४ मध्यें तो भर उत्पन्नांत असतां दुकानांतून काढून घेतला. एवढा त्याग प्रत्येकानें करावा अशी अपेक्षा कोणी करणार नाहीं. पण मर्यादा घालणें हेंहि रचनाकाराच्या हातीं असतें, हें त्यांनीं दाखवून दिलें.

फांशाच्या खेळांत तर ही मर्यादा अधिकच महत्त्वाची. जुगाऱ्याचा पश्चात्ताप हा विषय आपल्या साहित्यांत ऋग्वेदाइतका जुना आहे, आणि द्यूतानें काय होतें हें महाभारतानें प्रत्येक घरांत पोंचविलें आहे. खानदेशांत आखाजीस, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, मुली माहेरीं येतात, झोके बांधले जातात, सालदारांचें वर्ष पुरें होतें. आणि त्याच दिवसांत पत्त्यांचा डाव मांडण्याची चालहि जुनी आहे. ही चाल चांगली असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तींत एक जुनें शहाणपण दडलेलें होतें: डावास कुंपण होतें. तो सणापुरता, चार ओळखीच्या माणसांत, आणि हरणारा कोण हें सर्वांस दिसत असतां चाले. फोनवर पैसे लावून खेळावयाचे रमी व लुडो आले, तेव्हां हें कुंपण पडलें. वर्षाचे ३६५ दिवस आखाजी झाली. समोरचा गडी दिसेनासा झाला, आणि घरांतल्या माणसासहि हरणारा दिसेनासा झाला. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा अड्ड्यास उद्देशून आहे. ज्या जुगारास भिंती नाहींत, त्याच्यापुढें तो अडखळला. लुडो हा बुद्धीचा खेळ कीं दैवाचा, हा वाद २०२१ सालीं मुंबई उच्च न्यायालयापुढें गेला. अखेर २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें ऑनलाइन खेळांचा कायदा संमत करून, खेळ बुद्धीचा असो वा दैवाचा, त्यावर पैसे लावून तो चालविण्यास मनाई केली. पैशाच्या डावाचें कुंपण अशा रीतीनें राज्यानें उभें केलें.

पण वेळेच्या डावाचें काय? तेथें कायद्याचा हात पोंचणार नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं स्वीकारलेल्या रोगांच्या वर्गीकरणांत खेळाच्या विकृतीस स्थान दिलें, तें हीच अडचण जाणून. तरी प्रत्येक खेळणारें मूल रोगी समजावें, असा याचा अर्थ नव्हे. आमचें सांगणें याहून साधें आहे. हे खेळ टिकले ते अल्प साधनांमुळें आणि चोख नियमांमुळें. आणि शेवट हाहि त्यांच्या नियमांपैकीं एक नियम होता. इतर सारे नियम फोननें जसेच्या तसे सांभाळले, हा एकच गाळला. तेव्हां तो आपण घरांत परत घातला पाहिजे. जेवणापूर्वीं एक डाव, गाडी येईपर्यंत एक डाव, आणि शक्य तों दुसऱ्या कोणाबरोबर एक डाव, असें म्हणणाऱ्या घरांत जुना खेळ जुन्याच गुणांसह नांदेल. मुलांस रागें भरणाऱ्या वडिलांनीं प्रथम त्यांच्याशेजारीं बसून एकदां हरून पाहावें. मग ‘आतां पुरे’ हा शब्द त्यांच्या तोंडीं अधिक शोभेल.

रावेरच्या स्थानकावर त्या दिवशीं आम्हांस हेंच दिसलें. गाडीची घोषणा झाली तेव्हां नातवाचा साप चांगलाच लांबला होता. आजोबांनीं पिशवी उचलली आणि कांहीं न बोलतां हात पुढें केला. मुलानें एक क्षण पडद्याकडे पाहिलें; तेवढ्यांत साप आपल्याच शेपटीवर आपटला. त्यानें फोन आजोबांच्या हातीं दिला, आणि दोघे डब्याच्या दाराकडे चालूं लागले. चढतां चढतां मुलानें विचारलें, “तुमच्या लहानपणीं फांसा नव्हता, तर मग दान कसें पडे?” आजोबांनीं चालतां चालतांच मूठ हालवून दाखविली.